एकतीस नंबरचं जर्नल

वैभवी देशकरनं माझ्यासमोर बसून तोंडावरचा स्कार्फ सोडला, तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही पोरगी खोटं बोलणार आहे. पण ती मला "मेघा" म्हणाली आणि मी पाघळले. दीड वर्ष एका वर्गात असून तिनं माझं नाव घेतल्याची ती पहिलीच वेळ होती.

नागपूरच्या मुली गाडीवर बसताना स्कार्फ कसा बांधतात ते ज्यानं पाहिलं नसेल त्याला सांगते. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं गुंडाळायचं, फक्त डोळे उघडे ठेवायचे आणि त्यावरही गॉगल चढवायचा. उन्हाळ्यात उन्हासाठी, हिवाळ्यात थंडीसाठी आणि मधल्या महिन्यांत सवय म्हणून. मनीषनगरच्या आमच्या कॉलेजच्या गेटातून सकाळी दीडशे मुली आत शिरतात आणि त्यातली एकही ओळखू येत नाही. बाबा टीव्हीवर जुने काळे-पांढरे गुन्ह्यांचे सिनेमे पाहतात. त्यातल्या हेराला पाऊस लागतो, टोपी लागते, अर्धा चेहरा अंधारात लागतो. मला यातलं काही लागत नाही. आमच्याकडे भर दुपारी बारा वाजता अख्खा चेहरा झाकलेला असतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

माझा धंदा आठवीपासूनचा. शाळेत हेडमास्तरांच्या स्कूटरची हवा कोण सोडतं ते मी तीन दिवसांत शोधून काढलं होतं. त्यांचाच पुतण्या निघाला. तेव्हापासून हरवलेलं, लपवलेलं, पळवलेलं सगळं माझ्याकडे येतं. ऑफिस म्हणजे सायकल स्टँडच्या टोकाचा सिमेंटचा ओटा. वर हिरवी जाळी आहे, त्यामुळे समोरच्याच्या तोंडावर उन्हाचे बारीक चौकोन पडतात आणि तो बोलायच्या आधीच गुन्हेगार दिसायला लागतो. फी एक प्लेट तर्री पोहे, काम झाल्यावर. मी बारावी सायन्सला आहे, गणितात बेताची आहे आणि आजवर एकही केस अर्धवट सोडलेली नाही. हे मी गर्वानं सांगते, कारण सांगायला दुसरं कुणी नाही.

तो जानेवारीअखेरचा शुक्रवार होता. सोमवारी फिजिक्सचं बोर्डाचं प्रॅक्टिकल होतं.

"सुशीलचं जर्नल गायब झालंय," वैभवी म्हणाली. "लॅबच्या कपाटातून."

"सुशील देवतळे? सावनेरचा?"

"हो यार. बिचारा. मला इतकं वाईट वाटतंय."

वाईट वाटण्यासारखंच होतं. जर्नल म्हणजे वर्षभराच्या प्रयोगांची वही. प्रत्येक प्रयोगाखाली सरांची सही, पहिल्या पानावर नाव, रोल नंबर, प्रमाणपत्र आणि कॉलेजचा शिक्का. ते हातात नसेल तर बाहेरून आलेला परीक्षक तुम्हाला लॅबच्या दारातून आत घेत नाही. प्रॅक्टिकल नाही तर विषय गेला, विषय गेला तर वर्ष गेलं. आणि सुशीलला वर्ष घालवणं परवडणार नव्हतं. तो रोज दोन बस बदलून सावनेरहून येतो. वडील कोळशाच्या खाणीत. मोठा भाऊ बारावीत एकदा नापास झाला, तर त्याला मामाच्या सिमेंट-सळाखीच्या दुकानात बसवलं, तो आजही तिथंच बसलेला आहे. त्या घरात दुसरी संधी देण्याची पद्धत नाही.

"कुणावर संशय?" मी विचारलं.

"मी कुणाचं नाव घेणार नाही," वैभवी म्हणाली आणि लगेच घेतलं. "पण काल दुपारी अमोल लॅबच्या आसपास फिरत होता. तो सुशीलला नेहमी त्रास देतो, तुला माहितीये."

"अन् तू काहून पडली यात?"

"माणुसकी, मेघा."

दुसऱ्यांदा नाव घेतलं. वैभवी म्हणजे आमच्या वर्गाची पहिली. वडिलांचं धंतोलीत हॉस्पिटल. दिवाळीपासून ती मेडिकलच्या कोचिंगला जाते आणि कॉलेजात फक्त सह्या घ्यायला येते. अशी मुलगी माझ्या ओट्यावर येऊन बसली याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की मी फीसुद्धा सांगायची विसरले.

अमोल गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर सापडला. कॉलेजात काहीही फुटलं, हरवलं, जळलं की सगळे मास्तर आधी त्याचंच नाव घेतात, आणि दहापैकी सात वेळा ते बरोबर असतात.

"जर्नल? अन् मी?" तो इतका हसला की बशीत चहा सांडला. "माह्या सोताच्या जर्नलात चार प्रयोग आहेत वं. पळवलं असतं तं बसून लिहून नसतं काढलं? हे पाह्य."

त्यानं बॅगेतून काढून दाखवलं. चार प्रयोग होते आणि पाचव्याचं नुसतं नाव होतं, तेही रंगीत पेननं.

"काल दुपारी कुठं होता?"

"प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर. उभा. बारापासून चारपर्यंत. मोबाईल सापडला ना माझा. साऱ्या स्टाफनं येता-जाता पाहिलं. दोघांनी तं टपलीबी मारली."

इतका पक्का पुरावा मी याआधी पाहिला नव्हता. चार तास अख्ख्या स्टाफच्या डोळ्यांसमोर उभा असलेला माणूस चोरी करत नाही. मग वैभवीला तो लॅबपाशी कसा दिसला? एक तर तिचे डोळे खराब होते किंवा तिला अमोल शिक्षेवर होता हे माहीतच नव्हतं. मी त्याचा चहा संपेपर्यंत थांबले आणि लॅबकडे निघाले.

लॅबमध्ये लहानू काका असतात. फिजिक्स लॅबचे अटेंडंट, बावीस वर्षं त्याच खोलीत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कॉलेजात काय चाललं आहे हे प्रिन्सिपलच्या आधी त्यांना कळतं, पण विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

"काका, काल कपाट उघडलं होतं का?"

"उघडलं ना. दोन वाजता एक पोरगी आलती. म्हने, सरची एक सही राह्यली जर्नलात."

"कोण पोरगी?"

"आता मले काय मालूम वं? तोंड बांधून होती. तुमी समद्या सारख्याच दिसता."

"कोणतं जर्नल काढलं, पाहिलं?"

"मी बीकर धुऊन राहिलो होतो." काकांनी चष्मा वर सरकवला. "काहून? काही गेलं का?"

मी सांगितल्यावर त्यांचं तोंड उतरलं. कपाट त्यांच्या ताब्यात होतं. मी जर्नलं पाहू का विचारलं, तर म्हणाले, "पाह्य, पन नंबरानं ठेव. उद्या बाराले सर मोजून घेनार हायेत."

मोजून घेण्याचं कारण होतं. बुधवारीच फिजिक्सच्या भोयर सरांनी वर्गात बजावलं होतं की यंदा परीक्षक सगळी जर्नलं नंबराप्रमाणे टेबलावर मांडून अक्षरं जुळवणार आहेत, कारण कुठल्याशा कॉलेजात एकाच हातानं लिहिलेली सहा जर्नलं सापडली होती. ज्यांची अक्षरं जुळतील ते दोघंही बाहेर. बुधवारी ही घोषणा आणि गुरुवारी चोरी. मी खाली बसून गठ्ठा पुढ्यात ओढला.

आता आमच्या कॉलेजचं एक गुपित सांगावं लागेल. आमच्याकडे जर्नल कुणी लिहीत नाही, उतरवतात. मागच्या बॅचकडून एक जर्नल पुढच्या बॅचकडे येतं, ती बॅच ते जसंच्या तसं उतरवते आणि पुढे देते. मूळ जर्नल कुणाचं होतं ते आता कुणालाच ठाऊक नाही, सगळे त्याला नुसतं दादा म्हणतात. दादा हुशार असणार, पण त्यानं जर्नल मे महिन्यात घरी बसून लिहिलं असणार. कारण रेझोनन्स ट्यूबच्या प्रयोगात, म्हणजे नळीत पाणी भरून आवाजाचा वेग काढतात त्यात, खोलीचं तापमान लिहावं लागतं, आणि दादानं लिहिलं होतं त्रेचाळीस अंश. तेव्हापासून आमच्या कॉलेजात खोलीचं तापमान त्रेचाळीस आहे. आमच्या बॅचनं हा प्रयोग अकरा डिसेंबरला केला. लॅबमध्ये सगळे स्वेटर घालून, हात खिशात घालून उभे होते, आणि सगळ्यांनी त्रेचाळीस लिहिलं. भोयर सरांनी प्रत्येक त्रेचाळीसखाली सही केली. मीही लिहिलं होतं आणि लिहिताना मला जराही हसू आलं नव्हतं.

एक नंबर, त्रेचाळीस. दोन नंबर, त्रेचाळीस. एकोणीस नंबर माझा, त्रेचाळीस. तिसावा झाला. एकतिसाव्याची जागा रिकामी, तिथं सुशीलचं असायला हवं होतं. मग बत्तीस नंबर, देशकर वैभवी.

साडेचोवीस.

मी पुन्हा पाहिलं. साडेचोवीसच होतं. पुढे शेवटच्या नंबरापर्यंत, अमोलची रिकामी जागा सोडली तर, पुन्हा त्रेचाळीस.

अकरा डिसेंबरला लॅबमध्ये चालू थर्मामीटर एकच होता आणि तो सुशीलच्या हातात होता. तो एकटाच खरा प्रयोग करत होता, नळीत पाणी वर-खाली करत, कान लावून. आम्ही सगळे त्याला हसत होतो. "अरे त्रेचाळीस लिही ना बे, सुटून जाशील," असं कुणीतरी म्हणालंही. त्यानं ऐकलं नाही, जे दिसलं ते लिहिलं. आणि वैभवी त्या दिवशी आलीच नव्हती. डिसेंबरभर ती कॉलेजकडे फिरकली नव्हती. मग तिच्या जर्नलात त्या दिवशीचं खरं तापमान आलं कुठून?

वर्गातल्या बाकी सगळ्यांनी खोटं लिहिलं होतं आणि त्यांच्यातल्या एकावरही मला संशय आला नाही. खरं लिहिलेली जर्नलं दोनच होती. त्यातलं एक गायब होतं आणि दुसरं अशा मुलीचं होतं जिला खरं माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मग मी अक्षर पाहिलं. सुशील फळ्यावर गणित सोडवतो तेव्हा सातच्या कमरेला एक आडवी रेघ मारतो. वैभवीच्या जर्नलातल्या प्रत्येक साताला ती रेघ होती.

म्हणजे जर्नल त्यानं लिहून दिलं होतं. बुधवारची घोषणा ऐकून ती घाबरली, कारण एकतीस आणि बत्तीस टेबलावर शेजारी-शेजारी येणार होते. मला भयंकर राग आला. तिचा नंतर, आधी स्वतःचा. दोनदा नाव घेतलं काय आणि मी अमोलच्या मागे धावले काय.

सुशील मागच्या पायऱ्यांवर डबा खात बसला होता. बारीक, उंच पोरगा. बोलतो ते त्याच्या शेजारी बसलेल्यालाही दोनदा विचारावं लागतं.

"कोणी नेलं ते तुले माहीत आहे," मी म्हटलं.

तो पोळीचा तुकडा मोडत राहिला.

"तू तिचं जर्नल लिहिलं."

"हळू बोल ना वं."

"सारेच्या सारे प्रयोग?"

"आकृत्यापण."

"काहून पण?"

"तिनं मागितलं." मग तुकडा डब्यात ठेवून म्हणाला, "माझ्याजवळ कोणी काही मागत नाही, मेघा. तिनं मागितलं तं बरं वाटलं."

मी त्याला शिव्या घालणार होते, पण घातल्या नाहीत. सकाळी तिनं मला नावानं हाक मारली तेव्हा मलाही अगदी तेवढंच बरं वाटलं होतं.

"सोमवारी काय करशील?"

"नाही येत. घरी सांगतो ताप होता."

"अन् मंग?"

"मामाचं दुकान." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "तिचं डॉक्टर व्हायचं ठरलं आहे. माझं असं काय मोठं अडून राहिलं?"

"डोकं फिरलं का गा तुझं?" मी ओरडले. वरच्या मजल्यावरून दोघा-तिघांनी डोकावून पाहिलं. सुशील उठला, डबा बॅगेत टाकला आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेला. त्याच्या पाठीकडे पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर वर्गात खरं काम करणारा एकच मुलगा होता आणि घरी बसायची तयारीही त्याच्याच एकट्याची झाली होती.

साडेचारला वैभवी पार्किंगमध्ये आली. मी तिच्या स्कूटीवर बसून वाट पाहत होते. ती समोर उभी राहून स्कार्फ बांधायला लागली. अर्धा बांधून झाला तेव्हा मी विचारलं, "कुठं आहे?"

"काय?"

"एकतीस नंबरचं जर्नल. साडेचोवीसवालं."

तिचे हात तिथंच थांबले. हुशार मुलगी, एका आकड्यात सगळं समजली.

"ते नाहीये आता," ती म्हणाली. "काल संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या वॉचमननं शेकोटी पेटवली होती. पानं लगेच गेली. पुठ्ठा लवकर जळत नाही. मला थांबावं लागलं."

पुठ्ठा जळेपर्यंत ही तिथं हात शेकत उभी राहिली.

"मग मले काहून बोलावलं?"

"लोक विचारायला लागले असते. तू म्हणाली असतीस अमोलनं केलं, तर सगळ्यांनी मानलं असतं. तुझं कुणी खोटं मानत नाही, मेघा." तिला रडू यायला लागलं होतं आणि ते रडू खरं होतं, हे मला मान्य करावं लागेल. "तू समजून घे ना. दोघांचं अक्षर जुळलं असतं तर दोघंही बाहेर झालो असतो. एक जर्नल कमी झालं तर एक जण तरी वाचतो."

"अन् वाचणारी तू."

"त्यानं तक्रार केली का? जा, विचार त्याला."

त्याला विचारून झालं होतं. तो तक्रार करणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं आणि त्याच भरवशावर तिनं हे केलं होतं. मला वाटलं एक कानाखाली लावावी.

"मी उद्या भोयर सरकडे जाते," मी म्हटलं.

"जा." तिनं डोळे पुसले. "सर माझं जर्नल उघडून वाचतील. मग सगळ्यांचं वाचतील. तुझ्यात तापमान किती लिहिलंय?"

इथं खोटं बोलून काही उपयोग नाही. माझं जर्नल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दादाचं होतं. सरांनी ते रद्द केलं असतं तर माझंही वर्ष गेलं असतं, आणि माझ्या घरीही काही आरती ओवाळणार नव्हते. केस सुटली होती, चोर सापडला होता आणि मला पुढे एक पाऊल टाकवत नव्हतं. वैभवीनं ते ओळखलं. ती शांतपणे स्कार्फची गाठ मारायला लागली.

तिची गाठ मारून होईपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला.

"वैभवी, कपाटात जे जर्नल आहे त्यातले प्रयोग कोणी केले?"

"म्हणजे?"

"रीडिंग कोणाचं? अक्षर कोणाचं? आकृत्या कोणाच्या?"

तिनं गाठ सोडून स्कार्फ हनुवटीखाली ओढला.

"तुझं त्याच्यात फक्त पहिलं पान आहे," मी म्हटलं. "काल शेकोटीत जळलं ते तुझं जर्नल होतं. सुशीलचं कपाटात शाबूत आहे."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. मी स्कूटीवरून उतरले आणि सांगितलं, "उद्या दहाले भोयर सरच्या केबिनमध्ये ये. तू नाही सांगितलं तं मी सांगते. अन् माझं त्रेचाळीसपण मीच सांगते."

ती येईल याची मला खात्री नव्हती. शनिवारी दहाला पाच कमी असताना ती आली. सुशीलला मी सरांनी बोलावलं आहे असं सांगून आणलं होतं, नाहीतर तो सावनेरहून निघालाच नसता.

भोयर सर वाईट माणूस नाहीत. चार तुकड्यांना शिकवतात, दोन तुकड्यांचे पेपर तपासतात आणि जर्नलं समोर आली की माशा हाकलल्यासारख्या सह्या करत जातात. मी लॅबमधून आणलेलं बत्तीस नंबरचं जर्नल टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, माझ्यासकट. वैभवी मधे फक्त एकदा "हो सर" म्हणाली, शेकोटीचं सांगताना. सरांनी जर्नल उघडलं. ते अक्षर पाहत नव्हते, स्वतःच्या सह्या पाहत होते. अख्खा डिसेंबर गैरहजर असलेल्या मुलीच्या प्रत्येक प्रयोगाखाली त्यांची तारखेसकट सही होती.

त्यांनी उठून केबिनचं दार लावलं.

"हे बघा," सर म्हणाले. "सोमवारी परीक्षक येणार. आज हे बाहेर गेलं तर अख्ख्या वर्गाचं नुकसान आहे." ते सुशीलकडे वळले. आवाज एकदम मऊ केला. "बेटा, तूच सांग. नाव तर यावर देशकरचं आहे. तू म्हणालास तिचं, तर आपण तिचं धरू. तुझी पुढच्या वर्षी मी स्वतः काळजी घेईन. सांग, हे जर्नल कुणाचं आहे?"

त्या खोलीत आम्ही चार जण होतो आणि एका शब्दाच्या खोटेपणात तिघांचं भलं होतं. सरांच्या सह्या झाकल्या जात होत्या, वैभवीचं मेडिकल वाचत होतं, माझं त्रेचाळीस कुणी उघडून पाहणार नव्हतं. नुकसान एकाचंच होतं, आणि विचारलंही त्यालाच होतं. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर मी मधे पडले असते. पण हे उत्तर माझ्या तोंडून निघून चालणार नव्हतं. मी दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एका केसमध्ये मला भीती वाटली.

सुशीलनं जर्नल स्वतःकडे ओढलं. पानं उलटत गेला. एका आकृतीवर थांबला, तिच्यावरून बोट फिरवलं.

"ही मी दोनदा काढली होती," तो कुणाकडेही न पाहता म्हणाला. "पहिल्यांदा शाई फाकली."

"सुशील..." वैभवी म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिनं पुन्हा काहीतरी मागितलं आहे आणि ते आपल्याजवळ उरलेलं नाही, तसं पाहिलं.

"माझं आहे," तो म्हणाला.

"काय?" सर म्हणाले. त्यांना खरंच ऐकू गेलं नव्हतं.

"माझं आहे, सर! मी केले हे प्रयोग! हे जर्नल माझं आहे!"

टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर थरथरलं असं मी म्हणणार नाही, पण बाहेर कुणाच्या तरी हातून काहीतरी पडलं. सर खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ त्यांनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं. मग ड्रॉवरमधून एक कोरं जर्नल काढलं, बत्तीस नंबरच्या जर्नलाची लेस स्वतःच्या हातानं सोडली, पहिलं पान काढून फाडून टाकलं आणि कोऱ्यातलं प्रमाणपत्र त्या जागी ओवलं. सावकाश, नीट अक्षरात लिहिलं: देवतळे सुशील. सही केली, शिक्का मारला. उरलेलं कोरं जर्नल वैभवीपुढे सरकवलं आणि म्हणाले, "आज लॅब सहापर्यंत उघडी आहे आणि उद्या दिवसभर. प्रत्येक प्रयोग तू करायचा, मी समोर बसतो. झाले तेवढे झाले." वैभवीनं ते उचललं. तोंड लपवलं नाही.

मग सरांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही बाकीचे. बाराला सगळ्यांना लॅबमध्ये त्या एका थर्मामीटरसमोर उभं कर, दिसेल तेच लिहायचं."

आम्ही बाहेर आलो. सुशील जर्नल छातीशी धरून चालत होता. लहानू काका लॅबच्या दारातून घाईघाईनं आले, हातात झाडू, पायाशी फुटलेल्या बीकरच्या काचा.

"कोन वरडलं गा आत्ता एवढ्या जोरानं? माह्या हातातून पडला ना."

सुशीलनं इकडे-तिकडे पाहिलं.

"मी, काका," तो म्हणाला.